घराणेशाही आणि आपलं मत: मराठवाड्यातल्या मतदारांचे नेहमीचे प्रश्न

निवडणूक लागली की पारावर, हॉटेलात, एसटीच्या रांगेत तेच प्रश्न निघतात. "पुन्हा त्याच घरात तिकीट?" "मग दुसरा आहे कोण?" लातूर, नांदेड, बीड, परभणी, हिंगोली, जालना, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, कुठंही जा. त्यातले सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथं देत आहे. या विषयात माझं मत ठाम आहे आणि ते उत्तरांमध्ये दिसेल. माहिती मात्र जी पक्की आहे तेवढीच घेतली आहे.

घराणेशाही नेमकी कशाला म्हणायची? डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतोच ना?

होतो, पण त्याला परीक्षा द्यावी लागते. बापाच्या दवाखान्याची पाटी पोराच्या नावावर झाली म्हणून पदवी मिळत नाही. राजकारणात मात्र वारसाला पहिलंच तिकीट थेट विधानसभेचं किंवा लोकसभेचं मिळतं, तेही बापाच्याच मतदारसंघात. ज्यानं पंधरा वर्षं सतरंज्या उचलल्या, बूथ सांभाळला, केसेस अंगावर घेतल्या, तो तिथंच राहतो.

पुढाऱ्याच्या मुलानं किंवा मुलीनं निवडणूक लढवणं हा काही गुन्हा नाही. जागा त्या घराची समजून राखून ठेवणं आणि पक्षातल्या बाकी कुणालाही तिच्याजवळ फिरकू न देणं, ही घराणेशाही. हा फरक लक्षात ठेवला की पुढचं बरंचसं सोपं होतं.

देशाच्या पातळीवर हे कधी सुरू झालं?

लोक सरसकट नेहरूंपासून म्हणतात. पण नेहरू १९६४ मध्ये गेले तेव्हा पंतप्रधान झाले लालबहादूर शास्त्री. १९६६ मध्ये शास्त्रींच्या निधनानंतर काँग्रेसच्या संसदीय पक्षात रीतसर मतदान झालं. इंदिरा गांधींना ३५५ आणि मोरारजी देसाईंना १६९ मतं पडली. इंदिराबाईंना वडिलांच्या नावाचा फायदा झालाच, पण निदान मोजणी तरी झाली.

खरा बदल १९८४ चा. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि त्याच संध्याकाळी राजीव गांधींचा शपथविधी झाला. त्यानंतर झालेल्या निवडणुकीत काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या. नेता गेला की त्याच्या घरातला माणूस बसवायचा आणि लोक त्यावर शिक्का मारतात, हे साऱ्या देशातल्या पक्षांनी तेव्हा पाहिलं.

पुढं हे एकाच पक्षापुरतं राहिलं नाही. चौधरी चरणसिंगांनंतर अजितसिंग आणि त्यांच्यानंतर जयंत चौधरी. देवेगौडांचे पुत्र कुमारस्वामी कर्नाटकाचे मुख्यमंत्री झाले. पंजाब, उत्तर प्रदेश, बिहार, तमिळनाडू, काश्मीर, सगळीकडे हेच. राहुल गांधी २००४ मध्ये अमेठीतून खासदार झाले आणि २०२४ पासून लोकसभेतले विरोधी पक्षनेते आहेत. प्रियांका गांधी २०२४ च्या पोटनिवडणुकीत वायनाडमधून आल्या. दुसऱ्या बाजूला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी लाल किल्ल्यावरून घराणेशाहीवर टीका केली आणि २०२४ च्या १५ ऑगस्टला, घरात कुणी राजकारणात नाही अशा एक लाख तरुणांनी पुढं यावं असं आवाहन केलं. आवाहन चांगलंच आहे. पण त्याच वर्षी मराठवाड्यात सगळ्याच पक्षांनी तिकिटं कुणाला दिली, हे खाली वाचा.

मराठवाड्यात घराणी पहिल्यापासूनच होती का?

नव्हती, आणि आजच्या पोरांना हे आवर्जून सांगायला हवं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली तेव्हा इथं पुढारी होते ते मुक्तिसंग्रामातून आलेले. स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी, त्यांच्यामागं वारस असण्याचा प्रश्नच नव्हता. १९५७ मध्ये ते औरंगाबादहून लोकसभेवर गेले. बीडनं १९६७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडून दिलं. माणूस साताऱ्याकडचा, पक्ष कम्युनिस्ट, बीडमध्ये ना घर ना कारखाना. कंधारचे केशवराव धोंडगे, उस्मानाबादचे उद्धवराव पाटील हे शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे. १९७७ मध्ये औरंगाबादहून समाजवादी बापूसाहेब काळदाते आणि बीडहून मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे गेले. म्हणजे 'आमच्याकडं असंच चालतं' हे म्हणणं खोटं आहे. आमच्याच आजोबा-पणजोबांनी वेगळं करून दाखवलेलं आहे.

आज ज्यांना घराणी म्हणतो त्यांचे मूळ पुरुषही खालून वर आले. शंकरराव चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष होते. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच. गोपीनाथ मुंडे नाथ्राच्या शेतकरी घरातले, विद्यार्थी चळवळीतून आले आणि आणीबाणीत तुरुंगात गेले. पहिल्या पिढीनं पायऱ्या चढल्या. पुढच्या पिढ्यांना त्या चढाव्या लागल्या नाहीत.

आता कोणती घराणी आहेत? एकदा नावं घेऊन सांगा.

मराठवाड्यानं राज्याला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. या चौघांच्या तिन्ही घरांत पुढची पिढी निवडणुकीत आली.

नांदेडच्या चव्हाणांपासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्रात बाप-लेक दोघंही मुख्यमंत्री झाले ते याच घरात पहिल्यांदा. शंकररावांनी दोनदा राज्याची धुरा सांभाळली आणि ते केंद्रात गृहमंत्री, अर्थमंत्री होते. अशोकराव २००८ ते २०१० मुख्यमंत्री. त्यांच्या पत्नी अमिता चव्हाण २०१४ मध्ये भोकरच्या आमदार. २०२४ च्या फेब्रुवारीत अशोकराव काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि नोव्हेंबरात कन्या श्रीजया त्याच भोकरमधून निवडून आल्या. तिसरी पिढी, पक्ष नवा, मतदारसंघ तोच.

लातूरला विलासराव, भाऊ दिलीपराव, मुलं अमित आणि धीरज. निलंग्याचं पुढं येईलच. बीड जिल्ह्यात परळीचे मुंडे, बीडचे क्षीरसागर (केशरकाकू क्षीरसागर तीनदा खासदार होत्या), गेवराईचे पंडित, माजलगावचे सोळंके. धाराशिवला तेरचे पाटील आणि निंबाळकर, दोन्ही मूळ एकाच भावकीतले. जालन्यात दानवे आणि टोपे. परभणीत जिंतूरचे बोर्डीकर. हिंगोलीत सातव: आई रजनीताई मंत्री, मुलगा राजीव आमदार-खासदार, त्यांच्या अकाली निधनानंतर पत्नी प्रज्ञा विधान परिषदेवर गेल्या. यादी पूर्ण नाही. तालुक्यातालुक्यात गेलात तर अजून दुप्पट सापडेल.

वारसदार हमखास निवडून येतो का?

अजिबात नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि तो घराण्यांच्या फायद्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बीड लोकसभा पाहा. ३ जून २०१४ ला गोपीनाथरावांचं दिल्लीत अपघाती निधन झालं, केंद्रात मंत्री होऊन आठवडा उलटला होता. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी आल्या. लोकसभेच्या इतिहासात तोवर एवढं मताधिक्य कुणालाच नव्हतं. पाचच वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यांच्या मोठ्या बहीण पंकजा परळी विधानसभेला तीस हजारांवर मतांनी पडल्या. २०२४ मध्ये ज्या बीड लोकसभेनं विक्रम केला होता तिथंच पंकजाताई ६,५५३ मतांनी हरल्या. मतदार तेच, नाव तेच, दहा वर्षांत निकाल उलटा.

लातूर ग्रामीणला धीरज देशमुख २०१९ मध्ये एवढ्या मोठ्या फरकानं आले की दुसऱ्या क्रमांकावर 'नोटा' (यापैकी कुणीही नको, हे बटण) होतं. २०२४ मध्ये तेच धीरज भाजपच्या रमेश कराडांकडून पडले. २०१९ मध्ये नांदेडनं अशोक चव्हाणांना लोकसभेत पाडलं. घनसावंगीत राजेश टोपे २०२४ मध्ये पडले, कोरोनाच्या काळात घराघरात माहीत झालेला आरोग्यमंत्री. खुद्द विलासराव १९९५ मध्ये लातूरला हरले होते. शिवराज पाटील चाकूरकर सात वेळा लातूरचे खासदार आणि लोकसभेचे सभापती, तरी २००४ मध्ये पडले.

तेव्हा मतदार घाबरतो, विकला जातो, त्याला कळत नाही, असं कुणी म्हणत असेल तर हे निकाल त्याच्यासमोर ठेवा.

पण आता दुसरी बाजू. चाकूरकरांना हरवलं कुणी? रूपाताई पाटील निलंगेकरांनी, म्हणजे माजी मुख्यमंत्र्यांच्या सुनेनं. पंकजांना परळीत हरवलं चुलत भाऊ धनंजय यांनी. २०२४ मध्ये जालन्यातून पाच वेळचे खासदार रावसाहेब दानवे पडले. सहा महिन्यांच्या आत त्यांचा मुलगा संतोष भोकरदनमधून पुन्हा आमदार आणि मुलगी संजना कन्नडमधून पहिल्यांदा आमदार. घराणं एका दारानं हरतं आणि दुसऱ्या दोन दारांनी आत येतं. पडलेल्यांचं पुनर्वसनही होतं, त्यासाठी विधान परिषद आहे, राज्यसभा आहे.

घरातलेच एकमेकांविरुद्ध लढले तर घराणेशाही मोडते का?

उलट ती दोन्ही बाजू व्यापते. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण निलंगा. २००४ मध्ये नातू संभाजीरावांनी भाजपकडून उभं राहून आजोबांना, माजी मुख्यमंत्री शिवाजीरावांना, हरवलं. २००९ मध्ये आजोबांनी जागा परत घेतली. २०१४ मध्ये पुन्हा नातू, आणि या वेळी समोर काँग्रेसकडून काका अशोकराव. मतदाराला कमळ निवडायचं होतं की पंजा, दोन्हीकडं आडनाव निलंगेकरच.

बीड शहरात २०१९ ला पुतण्या संदीप क्षीरसागरांनी काका जयदत्त यांना दोन हजारांच्या आतल्या फरकानं हरवलं. २०२४ ला संदीप यांच्यासमोर चुलत भाऊ योगेश. परळीत बहीण-भाऊ दशकभर भांडले, गावागावात त्यांच्यापायी कार्यकर्त्यांची घरं फुटली, सोयरिकी तुटल्या. राष्ट्रवादी फुटल्यावर दोघं एकाच आघाडीत आले आणि २०२४ मध्ये एकाच मंचावर बसले. ज्यांनी एकमेकांवर दगड उचलले होते त्यांनी काय करायचं, हे त्यांना कुणीही विचारलं नाही. मला याचा राग येतो आणि तो यावा असं मला वाटतं.

पण या घराण्यांनी कामंही केलीच ना?

केली. ते नाकारणं खोटेपणाचं होईल. जायकवाडीचं धरण पैठणला उभं राहिलं, नाथसागर भरला, त्यामागं शंकररावांची पाटबंधारे खात्यातली चिकाटी होती. शिस्तीमुळं लोक त्यांना हेडमास्तर म्हणत. मांजरा काठावर ऊस आणि कारखाना उभा करून विलासरावांनी लातूरची चाल बदलली. गोपीनाथरावांनी ऊसतोड मजुरांना मुंबईत आवाज मिळवून दिला, आणि सत्तेत ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा ओबीसी जातींतल्या माणसांना मंचावर बसवलं.

हे श्रेय त्या माणसांचं आहे. आजोबांनी बांधलेल्या धरणाच्या नावावर नातीनं मत मागितलं तर तिला एवढंच विचारा: ताई, तुम्ही काय करणार? उत्तर चांगलं असेल तर मत जरूर द्या.

लोक मग घराण्यालाच का धरून राहतात? अज्ञान म्हणून?

हा प्रश्न पुण्या-मुंबईत राहणारे फार विचारतात. अज्ञान नाही, हिशोब आहे.

एक ऊस उत्पादक घ्या. दोन एकर ऊस, कारखान्याकडं नोंद केलेली. नोंदीच्या तारखेनुसार तोड यायला हवी. चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) येतो, फड बघतो, 'पुढच्या आठवड्यात' म्हणतो. टोळी येते ती शेजारच्याच्या फडात, ज्याची नोंद महिनाभर नंतरची. जानेवारी जातो, उसाला तुरा येतो, आतून पोकळ पडायला लागतो, वजन घटतं. तोडीवाले वर पैसे मागतात ते वेगळंच. अशा वेळी शेतकरी शेतकी अधिकाऱ्याकडं जातो, तिथून गट कार्यालयात, आणि शेवटी 'साहेबांच्या' बंगल्यावर. तिथून एक फोन होतो आणि तिसऱ्या दिवशी टोळी फडात. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात ऊस उदंड झाला, गाळप जूनपर्यंत लांबलं, तेव्हा ज्याच्याकडं फोन करायला कुणी होतं आणि ज्याच्याकडं नव्हतं, यातला फरक सगळ्या गावानं पाहिला.

आता हाच माणूस मतदानाला उभा आहे. त्याला ठाऊक आहे की कारखान्याचा अध्यक्ष कोण, जिल्हा बँकेवर कुणाचं पॅनल, पोरगी शिकते ते कॉलेज कुणाच्या संस्थेचं, जावई शिक्षक म्हणून लागला तो कुणाच्या शाळेत, आणि रात्री दोनला मुंबईच्या दवाखान्यात खाट मिळवून द्यायला कुणाचा पीए फोन उचलतो. हे सगळे धागे एकाच घरात जातात. त्यानं दुसऱ्याला मत दिलं आणि ते बूथनिहाय आकड्यांत दिसलं, तर पुढचा हंगाम त्याला एकट्याला काढायचा आहे.

घराणं टिकतं ते इथं, भाषणांत नाही. कारखाना, बँक, शिक्षण संस्था, दूध संघ, बाजार समिती ही एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडं जाणारी खरी गादी. आमदारकी त्या गादीची राखण करते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घराणेशाहीवर भाषण करणाऱ्यानं आधी सांगावं, ऊसतोडीचा कार्यक्रम नोंदीच्या तारखेनुसार गावात जाहीर लागेल का, पीककर्ज वेळेत आणि शिफारशीशिवाय मिळेल का, जिल्हा रुग्णालयात खाट आणि औषध कुणाच्या चिठ्ठीशिवाय मिळेल का. हे झालं की बंगल्यावरची गर्दी आपोआप ओसरेल.

नेता गेला की सहानुभूतीनं मत देणं चूक आहे का?

दुःखात माणूस जवळच्या माणसाकडं वळतो, त्याला चूक म्हणायला माझी जीभ धजत नाही. २०१४ चं बीड आठवा, राष्ट्रवादीनं तिथं उमेदवारही दिला नव्हता. नांदेडचे खासदार वसंतराव चव्हाण निवडून आल्यावर तीन महिन्यांत गेले आणि नोव्हेंबर २०२४ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव रवींद्र १,४५७ मतांनी आले. फरक किती थोडा होता ते बघा. सहानुभूतीलाही आता मर्यादा आली आहे. माझा आक्षेप पक्षांवर आहे. दहाव्याच्या आधी वारसाचं नाव पुढं करायचं आणि शोकसभेची प्रचारसभा करायची, हे बंद व्हायला हवं.

मतदारसंघ राखीव झाला तर घराणं मागं हटतं का?

लोकसभेपुरतं हटतं, आणि याचा मराठवाड्यात अगदी स्वच्छ पुरावा आहे. २००८ च्या पुनर्रचनेत लातूर अनुसूचित जातींसाठी राखीव झालं आणि उस्मानाबाद, जे आधी राखीव होतं, ते खुलं झालं. लातूरला २००९ मध्ये जयवंत आवळे, २०१४ मध्ये सुनील गायकवाड, २०१९ मध्ये सुधाकर शृंगारे आणि २०२४ मध्ये डोळ्यांचे डॉक्टर शिवाजी काळगे. चार निवडणुका, चार वेगळे खासदार, एकही जुन्या घराण्यांतला नाही.

उस्मानाबादेत त्याच २००९ मध्ये, खुलं होताच, पद्मसिंह पाटील उभे राहिले आणि आले. २०१९ मध्ये त्यांचे चिरंजीव राणाजगजितसिंह विरुद्ध ओमराजे निंबाळकर, २०२४ मध्ये सून अर्चना विरुद्ध पुन्हा ओमराजे. दोन्ही वेळा ओमराजे आले, तेही पवनराजे निंबाळकरांचे चिरंजीव.

लातूरच्या राखीव जागेचं तिकीट ठरवताना खुल्या घराण्यांचा शब्द चालतोच, हेही खरं. तरी दर वेळी नवा माणूस दिल्लीला जातो, याचं मोल मी कमी मानत नाही.

महिला आरक्षण आलं की लेकी-सुनाच पुढं येणार, मग उपयोग काय?

सुरुवातीला लेकी-सुनाच जास्त येतील. सरपंचपदाचं हेच झालं. ७३ व्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रानं निम्म्या केल्या, आणि गावोगावी सरपंच बाई आणि खुर्चीवर तिचा नवरा असं चित्र दिसलं. पण पंधरा-वीस वर्षांत त्यातल्याच कितीतरी बायका ग्रामसेवकाला हिशोब विचारायला लागल्या, हेही आम्ही पाहिलं आहे. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीनं लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा द्यायचं ठरलं आहे.

केशरकाकू सरपंचपदापासून दिल्लीपर्यंत गेल्या, ते एका घराची सून म्हणून नव्हे. स्वतःच्या ताकदीवर घर उभं करणारी बाई म्हणून गेल्या. घराण्यातून आली एवढ्यावर बाईला बाहुली ठरवायची आणि तिच्या भावाला 'युवा नेता' म्हणायचं, हा दुजाभाव मला मान्य नाही.

कायद्यानं घराणेशाही बंद करता येणार नाही का?

भारतात तसा कायदा नाही. खासदार-आमदार व्हायला संविधानाच्या कलम ८४ आणि १७३ मध्ये नागरिकत्व, पंचवीस वर्षं वय अशा अटी आहेत. कुणाचा मुलगा किंवा मुलगी आहे हे बघितलं जात नाही, आणि बघितलं जाऊही नये असं मला वाटतं. जन्मावरून कुणाला अडवणं हेच तर आपल्याला नको आहे.

फिलिपिन्सनं १९८७ च्या राज्यघटनेत राजकीय घराण्यांना मनाई लिहून ठेवली, पण व्याख्या कायद्यानं ठरवायची होती. ती ठरवायची कुणी, तर घराण्यांनीच भरलेल्या संसदेनं. देशपातळीवरचा तो कायदा दशकानुदशकं अडकून राहिला, आणि २०२२ मध्ये जुन्या हुकूमशहा मार्कोसचा मुलगा राष्ट्राध्यक्ष, तर आधीच्या राष्ट्राध्यक्षाची मुलगी उपराष्ट्राध्यक्ष झाली.

कायदा हवा तो पक्षांसाठी. आपल्याकडं पक्षाची नोंदणी होते, पण उमेदवार कसा निवडावा याची सक्ती कुठंही नाही. शेवटच्या रात्री कुणाच्या तरी सहीचा एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र) येतो आणि विषय संपतो. तालुक्याच्या नोंदणीकृत सभासदांनी गुप्त मतदानानं उमेदवार ठरवावा, अशी तरतूद झाली तर चित्र बदलेल. काँग्रेसनं मे २०२२ मध्ये उदयपूरला 'एक कुटुंब, एक तिकीट' ठरवलं, पण दुसऱ्यानं पाच वर्षं पक्षाचं काम केलं असेल तर सूट ठेवली. घराण्यातल्या कुणालाही पाच वर्षांचं काम दाखवायला अडचण पडत नाही.

बाहेरच्या देशांतही असंच आहे का?

आहे. श्रीलंकेत १९५९ मध्ये पंतप्रधान बंदरनायकेंची हत्या झाली आणि १९६० मध्ये त्यांच्या पत्नी सिरिमावो जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. पुढं मुलगी चंद्रिका राष्ट्राध्यक्ष. पाकिस्तानात भुट्टो आणि शरीफ. ग्रीसमध्ये पापांद्रेऊ घरातले आजोबा, मुलगा, नातू तिघंही पंतप्रधान. अमेरिकेत बुश पिता-पुत्र. सगळीकडं आहे म्हणून आपण गप्प बसावं, असं मात्र नाही.

ज्याच्या मागं घर नाही अशा पोरानं यायचं कुठून?

खालून. आणि दुःख याचंच आहे की खालच्या पायऱ्याच काढून घेतल्या गेल्या. महाविद्यालयातल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. मुंडे, महाजन यांच्यासारखी पिढी विद्यार्थी संघटनांतून आली, १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनानं आणि नामांतराच्या लढ्यानं कितीतरी कार्यकर्ते घडवले. ते दार बंद झालं.

मग उरल्या जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपरिषदा. त्यांच्या मुदती २०२२ च्या आसपास संपल्या आणि निवडणुकाच झाल्या नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेवर २०२० पासून प्रशासक होता, मतदान २०२६ च्या जानेवारीत झालं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला तेव्हा कुठं नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबरात लागल्या. या काळात जो पोरगा वयाच्या चोविसाव्या वर्षी पंचायत समितीला उभा राहिला असता, तो अठ्ठावीसचा होऊन हैदराबाद किंवा पुण्याला कामाला निघून गेला. आमदाराच्या घरातल्या पोराला मात्र वाट पाहायची गरज नव्हती. गावोगावच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो या चारही वर्षांत होता.

पक्ष बदलला की घराणं संपतं का?

नाही. कार्यकर्त्यांची एक फळी तेवढी उघड्यावर पडते.

नोटा दाबून काही होतं का?

निकाल बदलत नाही. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी विधानसभा-लोकसभेत पुढचा उमेदवार विजयी ठरतो. २०१९ च्या लातूर ग्रामीणमध्ये नोटाला सत्तावीस हजारांच्या घरात मतं पडली, त्याची देशभर बातमी झाली, आमदार तेच झाले. पर्याय खरोखर नसेल तर दाबा. पण मी आधी अपक्ष आणि लहान पक्षांच्या उमेदवारांची नावं वाचून बघायला सांगेन, आपण ती वाचतच नाही.

मत देण्याआधी घराण्यातल्या उमेदवाराबद्दल काय तपासावं?

उमेदवारी अर्जासोबत फॉर्म २६ हे शपथपत्र जोडावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर ही माहिती मतदाराचा हक्क झाली आहे. त्यात गुन्हे, शिक्षण, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी आणि उत्पन्नाचा स्रोत असतो. निवडणूक आयोगाच्या 'नो युवर कँडिडेट' ॲपवर ते मोबाईलवर उघडतं. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा आणि जमीन, शेअर, कंपन्या यांचे रकाने ओळीनं ताडून बघा. उमेदवार आधी खासदार असेल तर लोकसभेच्या संकेतस्थळावर त्यानं विचारलेले प्रश्न मिळतात. त्यात तुमच्या तालुक्याचं नाव शोधा.

आणि सभेत माईक मिळाला तर हे विचारा: तुमच्या घराच्या ताब्यात असलेल्या कारखान्यानं मागच्या हंगामाची एफआरपी (उसाचा कायद्यानं ठरलेला किमान दर) किती दिवसांत दिली? कायद्यानं ती चौदा दिवसांत द्यायची असते.